उंडीच्या तेलापासून डिझेल : निकेल उत्प्रेरकाच्या कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३

गुहागरहून आत्याने उंडीच्या बियांची दोन पोती एस.टी.ने पाठवली. तिच्या आगराच्या गडग्याबाहेर, समुद्राच्या बाजूला, सात-आठ जुनी झाडं आहेत. फळं वटवाघळं खातात आणि वरचा गर सोलून बिया झाडाखाली टाकून देतात, म्हणजे अर्धी मेहनत त्यांचीच. या बिया पावसाच्या तोंडावर आणि पावसातही गोळा केलेल्या आहेत. पोतं उघडल्यावर कुबट वास आला. तेव्हा फार विचार केला नाही.

काम काय ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. उंडीच्या तेलापासून बायोडिझेल करणं हे नवं नाही. तेल, मिथेनॉल, अल्कली, आणि खाली ग्लिसरीन. पण बायोडिझेलमध्ये वजनाने १०-११ टक्के ऑक्सिजन राहतो. त्यामुळे त्याची उष्णता कमी, ते साठवणीत खराब होतं आणि पाणी धरतं. आम्हाला तेलातला ऑक्सिजन पूर्ण काढून टाकायचा आहे, म्हणजे जे उरेल ते पेट्रोलियम डिझेलसारखंच निव्वळ हायड्रोकार्बन असेल. त्यासाठी हवा हायड्रोजन, ३५० अंशांच्या आसपास तापमान, दाब आणि उत्प्रेरक.

उत्प्रेरक निकेलचाच घ्यायचा, हे आधीच ठरलं होतं. प्लॅटिनम, पॅलेडियम हे काम चांगलं करतात, पण आमच्यासारख्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला ते परवडणारे नाहीत. रिफायनऱ्यांमधले निकेल-मोलिब्डेनमचे उत्प्रेरक सल्फाइड रूपात काम करतात. खनिज तेलात गंधक असतंच, त्यामुळे तिथे ते टिकतात. वनस्पती तेलात गंधक जवळजवळ नसतं, म्हणून मुद्दाम गंधकाचं संयुग मिसळत राहावं लागतं. गंधक नसलेल्या तेलात मुद्दाम गंधक घालायचं हे मला पटत नाही. धातुरूप निकेलला त्याची गरज नाही. वनस्पती तूप करताना शंभर वर्षं निकेलच वापरलं गेलं. बारीक धातूवर हायड्रोजन जोडण्याच्या ज्या कामासाठी पॉल साबातिए यांना १९१२ साली नोबेल मिळालं, त्यात निकेल मुख्य होतं.

२६ नोव्हेंबर

बिया फोडल्या. कवच दगडासारखं, हातोडीशिवाय फुटत नाही. दोघी विद्यार्थिनी आणि प्रयोगशाळेतले मामा, चौघांनी मिळून दिवसभर तेच केलं. ताजा गर पांढुरका असतो आणि त्यातून तेल निघत नाही. वाळत जाताना तो तांबूस तपकिरी होतो आणि मग तेल सुटतं. आमच्या बियांत काही गर चांगले तांबूस होते, पण बऱ्याच गरांवर बुरशीचे करडे ठिपके.

संध्याकाळी घाण्यावर नेलं. घाणेवाले आबा नारळ आणि भुईमुगाशिवाय हल्ली काही घालत नाहीत. उंडी बघून म्हणाले, "काय गो, कडू तेल काढतेस? बापाच्या वेळेला होड्यांना चोपडायला न्यायचे लोक. आता कोण मागतो?" घाणा नंतर नीट धुवावा लागेल म्हणून थोडे जास्त पैसे घेतले, ते रास्तच.

तेल गडद हिरवं, काकवीसारखं दाट, बोटाला चिकटतं. वास जायफळ आणि ओल्या लाकडाच्या मधला कुठलातरी. हा हिरवेपणा आणि चिकटपणा राळेचा आहे.

आम्लांक (तेलात किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) काढायला फिनॉल्फथॅलिन घातलं, पण हिरव्या तेलात गुलाबी रंग कुठून दिसणार? शेवटी पीएच मीटर लावून टायट्रेशन केलं. तीनदा केलं, कारण आकड्यावर विश्वास बसेना. ५२. ढोबळमानाने आम्लांकाच्या निम्मं म्हणजे मुक्त मेदाम्लांचं टक्केवारी प्रमाण. एक चतुर्थांशाहून जास्त तेल आधीच तुटून आम्ल झालेलं आहे, अर्थात त्यात राळेतल्या आम्लांचाही वाटा असणार.

५ डिसेंबर

उत्प्रेरक तयार करायला घेतला. गॅमा अ‍ॅल्युमिनावर २० टक्के निकेल (अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं सच्छिद्र ऑक्साइड). १० ग्रॅमसाठी हिशेब : निकेल २ ग्रॅम, म्हणजे सहा पाणी असलेलं निकेल नायट्रेट ९.९ ग्रॅम, आणि अ‍ॅल्युमिना ८ ग्रॅम. अ‍ॅल्युमिनाच्या छिद्रांत मावेल तेवढ्याच पाण्यात नायट्रेट विरघळवून थेंब-थेंब घालत कालवायचं. एवढं नायट्रेट एका दमात छिद्रांत मावत नाही. दोन हप्त्यांत केलं, मध्ये ओव्हनमध्ये ११० अंशांना वाळवून.

विद्यार्थिनीने विचारलं, सगळं एकदम ओतून वाळवलं तर काय होईल? जास्तीचं द्रावण दाण्यांच्या बाहेर साचतं, वाळताना तिथेच जाड थर होतो आणि निकेलचे मोठे गोळे बनतात. निकेल जितकं बारीक पसरेल तितका पृष्ठभाग कामाला येतो. तिला मी पीठ मळताना पाणी बेताबेताने घालतो तसं करायला सांगितलं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला चालला. शेवटी भुकटी ओलसर वाटते पण बशीला चिकटत नाही, तिथे ती बरोबर थांबली.

९ डिसेंबर

भाजणीत घोटाळा. ५०० अंशांना चार तास भाजायचं होतं. नायट्रेटचा तपकिरी धूर सुरुवातीला व्यवस्थित निघाला, धूरखिडकीचा पंखा चालू होता. रात्री मामांनी भट्टी बंद केली. सकाळी बशी काढली तर भुकटी निळी. राखाडी किंवा काळपट हिरवी नाही, आकाशासारखी फिकट निळी.

भट्टीतली तापमापक तार सैल होऊन मागे सरकली होती. ती दाराजवळचं गार तापमान दाखवत होती आणि भट्टी तापत राहिली होती. आत किती झालं असेल ते आता सांगता येत नाही, पण निळा रंग म्हणजे निकेल आणि अ‍ॅल्युमिना एकजीव होऊन स्पिनेल झालं. त्यातलं निकेल सुटायला ७००-८०० अंशांवर हायड्रोजन लागतो. आमची ट्यूब तिथवर नेण्याची माझी तयारी नाही.

तरी खात्री म्हणून चिमूटभर ४५० अंशांना हायड्रोजनमध्ये तीन तास ठेवलं. रंग तसाच. चुंबक लावला, हलत नाही. १० ग्रॅम वाया गेला. तार आता सिरॅमिकच्या नळीत घट्ट बसवली आहे आणि भाजणीच्या वेळी शेजारी दुसरा तापमापक ठेवायचा नियम केला आहे.

१५ डिसेंबर

उत्प्रेरकाचा नवा घाणा. भाजल्यावर काळपट राखाडी. हायड्रोजनमध्ये ४५० अंशांना कोळशासारखा काळा झाला. थोडा नमुना नायट्रोजनमध्ये अगदी थोडी हवा सोडत सावकाश थंड केला. असा ताजा निकेल एकदम हवेत काढला तर पेट घेतो. काचेच्या बाहेरून चुंबक फिरवला तर काळी भुकटी त्याच्यामागे सरसर वर चढली. मामांनी ती काच दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली.

२१ डिसेंबर

पहिला खरा प्रयोग. उंडी लगेच नको, आधी दुकानातलं रिफाइंड शेंगदाणा तेल घेऊन यंत्रणा पारखून घ्यावी असं ठरलं. १०० मिलीचा ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारं बंद भांडं), २० ग्रॅम तेल, १ ग्रॅम उत्प्रेरक, ३० बार हायड्रोजन, ३५० अंश, चार तास. साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासले, खिडक्या उघड्या. हायड्रोजनची ज्वाला दिवसा दिसत नाही, हे विद्यार्थिनींना पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या तासात दाब पडायला लागला तेव्हा आम्ही खूश होतो. थंड झाल्यावर उघडलं तर आत डिझेल नाही. पांढरा, घट्ट, चमच्याने खरवडून काढावा असा गोळा. ओळखीचा होता. आम्ही फक्त वनस्पती तूप बनवलं होतं, खाली थोडं मेणचट आम्ल.

२२ डिसेंबर

चूक गणितात होती. ती नीट मांडते, कारण पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच आहे.

तेलाचा रेणू ट्रायओलिन धरू. रेणुभार ८८५. त्यातले तीन दुहेरी बंध भरायला हायड्रोजनचे ३ रेणू. मग सगळा ऑक्सिजन पाणी म्हणून काढायचा तर एकूण १५ हायड्रोजन लागतात, आणि मिळतात १८ कार्बनच्या तीन साखळ्या, एक प्रोपेन, सहा पाणी. १०० ग्रॅम तेलाला ३.४ ग्रॅम हायड्रोजन. ऐकायला क्षुल्लक, पण हायड्रोजनचा ३.४ ग्रॅम म्हणजे केवढा मोठा वायू!

आमच्या भांड्यात तेल सोडून ७८ मिली जागा. त्यात ३० बारला सुमारे ०.०९ मोल हायड्रोजन बसतो. २० ग्रॅम तेलाला लागतो ०.३४ मोल. जेमतेम चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त. निकेलने जो मिळाला तो आधी सर्वांत सोप्या जागी, दुहेरी बंधांत खर्च केला, आणि ऑक्सिजन काढायला फारसं काही उरलं नाही. दाब पडत होता तो याच कारणाने.

६ जानेवारी २०२४

५ ग्रॅम तेल, २५ मिली डोडेकेन या विद्रावकात. ४० बार. आता ०.११ मोल हायड्रोजन आणि गरज ०.०८५ ची. ३५० अंशांना दाब ९० बारच्या आसपास जातो, भांडं आणि सुरक्षा-चकती त्याहून बऱ्याच वरच्या दाबासाठी आहेत.

उघडलं तेव्हा पाण्यासारखं स्वच्छ द्रव. तेलकट वास नाही, मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा हलका वास. आम्लांक जवळजवळ शून्य. गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) पहिल्या नजरेतच दिसलं : १८ कार्बनचं शिखर छोटं, १७ कार्बनचं उंच. १६ च्या शेजारी १५ चं तसंच. म्हणजे निकेल ऑक्सिजन पाणी म्हणून काढत नाही, टोकाचा कार्बन ऑक्सिजनसकट छाटतो. कार्बन मोनॉक्साइड किंवा डायऑक्साइड बाहेर पडतो आणि साखळी एकाने आखूड होते.

यात नुकसान थोडं आहे. १०० ग्रॅम तेलातून पाण्याच्या वाटेने ८६ ग्रॅम डिझेल मिळू शकतं, छाटणीच्या वाटेने साधारण ८१-८२. पण हायड्रोजन वाचतो : मोनॉक्साइड गेला तर १५ ऐवजी ९, डायऑक्साइड गेला तर फक्त ६. घाटावरून येणाऱ्या सिलिंडरची वाट बघत आठवडा जातो अशा ठिकाणी हे मोठं वाटतं.

१९ जानेवारी

आता सतत चालणारी उभी ट्यूब जोडली. अर्धा इंच पोलादी नळी, मध्ये ३ ग्रॅम उत्प्रेरक सिलिकॉन कार्बाइडच्या दाण्यांत मिसळून, वरून तासाला ३ ग्रॅम तेल आणि भरपूर हायड्रोजन, ३० बार, ३५० अंश. शेंगदाणा तेल रात्रभर चालवलं. पहिल्यांदाच विद्रावक नसलेलं, निखळ उत्पादन हातात येणार होतं.

पहाटे साडेपाचला आले. रत्नागिरीतली थंडी ती काय, तापमापक १८ दाखवत होता. खालच्या बाटलीत द्रव नव्हतं. बाटलीभर पांढरे, अभ्रकासारखे चमकणारे पापुद्रे, एकमेकांत विणलेले. बाटली उलटी केली तरी पडेना. तळहातात धरली, दोन मिनिटांत कडेने विरघळायला लागली आणि मग मधला पांढरा लगदा तरंगत फिरू लागला.

बरोबरच आहे. सरळ साखळीचा हेप्टाडेकेन २२ अंशांना गोठतो, ऑक्टाडेकेन २८ ला. इंजिनात जळायला याच्यासारखं इंधन नाही, सीटेन आकडा (इंधन किती चटकन पेटतं त्याचं माप) १०० च्या पुढचा, आणि आपल्याकडे डिझेलला किमान ५१ लागतो. पण टाकीत गोठलं तर काय उपयोग? सरळ साखळ्यांना फांद्या फोडण्याची दुसरी पायरी लागेल, ती वेगळ्या उत्प्रेरकावर. नाहीतर साध्या डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळायचं. आम्ही मिसळण्याचाच मार्ग धरणार.

३ फेब्रुवारी

उंडीचं तेल पहिल्यांदा ट्यूबमध्ये. फक्त गाळून घेतलं होतं.

तास २ : द्रव स्वच्छ. तास ५ : पिवळट. तास ७ : बाटलीत तळाला मेणचट साका, म्हणजे आम्लं आरपार यायला लागली. तास ९ : वरचा दाब चढतोय, पंप कुरकुरतोय. तास ११ : बंद केलं. शेंगदाणा तेलावर हाच उत्प्रेरक तीन दिवस जराही न थकता चालला होता.

बाटलीतला पाण्याचा थर वेगळा काढला. तो फिकट हिरवा होता. आधी वाटलं तेलाचाच रंग उतरला असेल. मग शंका आली. थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं, अमोनियाचे थेंब टाकले, आणि डायमिथिलग्लायॉक्सिमचं अल्कोहोलमधलं द्रावण. क्षणात गुलाबाच्या पाकळीसारखा लाल साका. चुगायेव यांनी १९०५ साली दिलेली निकेलची ही कसोटी आम्ही दरवर्षी बी.एस्सी.च्या मुलांकडून करून घेतो. आज तोच रंग बघून पोटात खड्डा पडला. आमचं निकेल विरघळून वाहून चाललं होतं.

१२ फेब्रुवारी

ट्यूब उघडून थरांप्रमाणे उत्प्रेरक बाहेर काढला. आधी डोडेकेनमध्ये भिजवूनच, कारण तो कोरडा हवेत आला तर तापतो.

वरचा बोटभर थर डांबरासारखा जाम. सिलिकॉन कार्बाइडचे दाणे एकमेकांना चिकटलेले. तिथे राळ आणि तेलातला फॉस्फरसयुक्त डिंक जळून बसला आहे. मधला भाग काळा पण मोकळा. खालचा भाग, जिथे ट्यूब भट्टीच्या बाहेर निघताना गार होते, तिथले दाणे राखाडी, फिके. मुक्त मेदाम्ल निकेलला खातं ते अशा कोमट जागी. निकेलचा साबण होतो आणि पाण्यातेलाबरोबर निघून जातो.

काजळी ५०० अंशांना हवेत जाळून टाकली आणि पुन्हा हायड्रोजन दिला. मधला भाग बराचसा पूर्ववत झाला. वरचा नाही. काजळी जळते, फॉस्फरस जळत नाही. तो निकेलवर आणि अ‍ॅल्युमिनावर ठाण मांडून बसतो.

दोन महिने आम्ही निकेल किती टक्के, कुठल्या तापमानाला भाजायचं यात डोकं घातलं होतं. तेलाकडे कोणी बघितलंच नाही.

४ मार्च

तेल साफ करण्याचे तीन आठवडे. जे चाललं ते एवढं :

तेल ७० अंशांना, त्यात थोडं फॉस्फरिक आम्ल, अर्धा तास ढवळायचं, मग गरम पाण्याने धुणं. डिंक पाणी धरून फुगतो आणि तपकिरी गाळ होऊन खाली बसतो. तीन पाण्यांनी धुतल्यावर मिथेनॉल. उंडीची राळ मिथेनॉलमध्ये उतरते, तेल उतरत नाही, आणि मुक्त आम्लांचा मोठा भागही राळेबरोबर जातो. दोनदा केलं. वरचा मिथेनॉलचा थर गडद हिरवा, खाली तेल पहिल्यांदाच सोनेरी दिसलं. शेवटी विरंजक मातीतून गाळणं.

आम्लांक ५२ वरून ३ वर. पण १ किलो तेलातून हाताशी राहिलं ६२० ग्रॅम. राळ जाणार होतीच, तिच्याबद्दल दुःख नाही. मात्र गेलेल्यात मेदाम्लंही होती, आणि त्यांचंही डिझेल झालं असतं. ती मूळची झाडाने दिलेली नव्हती. ती पोत्यात तयार झाली.

मिथेनॉलच्या कामात दोघींना हातमोजे आणि चष्म्याशिवाय बसू दिलं नाही, आणि मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवला.

११ मार्च

साफ तेल, नवा उत्प्रेरक. ट्यूबचा खालचा भागही गरम पट्टा गुंडाळून ३०० च्या वर ठेवला, म्हणजे गरम निकेलच्या पुढे कोमट निकेल नको. तास २४ : स्वच्छ. तास ४८ : स्वच्छ. पाण्याचा थर दर सहा तासांनी घेऊन अमोनिया आणि ग्लायॉक्सिम. लाल नाही. एकदा अगदी पुसट गुलाबी वाटलं म्हणून तिघींनी उजेडात धरून पाहिलं, पांढऱ्या कागदापुढे धरलं तर काही नव्हतं.

तास ५३ ला लाइट गेली. पंप बंद, भट्टी गार व्हायला लागली. इथे एक गोष्ट ठळक लिहिते, पुढे जो कोणी हे काम करेल त्याच्यासाठी. ट्यूबमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि निकेल २०० अंशांच्या खाली त्याच्याशी जोडून निकेल कार्बोनिल बनवू शकतं. लुडविग मॉन्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १८९० साली शोधलं आणि निकेल शुद्ध करायला वापरलं. ते ४३ अंशांना उकळतं आणि अत्यंत विषारी आहे. म्हणून भट्टी २५० च्या खाली उतरायच्या आत नायट्रोजन सोडून सगळा वायू बाहेर काढायचा, आणि तोही धूरखिडकीतून. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह हाताने फिरणारा आहे, विजेवर नाही. मामा पाच मिनिटांत पोचले आणि त्यांनी तो उघडला. मी घरून निघेपर्यंत त्यांचं काम झालं होतं.

२ एप्रिल

वायूचा हिशेब घातला आणि जानेवारीतला माझा आनंद जरा उतरला.

छाटणीच्या वाटेने हायड्रोजन वाचतो असं लिहिलं होतं. पण बाहेर पडणाऱ्या वायूत मोनॉक्साइड अपेक्षेपेक्षा फार कमी आणि मिथेन भरपूर. छाटलेल्या कार्बन मोनॉक्साइडवर निकेल पुन्हा हायड्रोजन घालतं : एका मोनॉक्साइडला तीन, एका डायऑक्साइडला चार. तीन साखळ्या धरून बेरीज केली. मोनॉक्साइडची वाट : ९ अधिक ९, अठरा. डायऑक्साइडची वाट : ६ अधिक १२, तेही अठरा. सगळ्याचं मिथेन झालं तर पाण्याच्या सरळ वाटेने जे १५ लागले असते त्याहून तीन जास्त, आणि वर डिझेलही कमी. एका हाताने वाचवलेलं निकेल दुसऱ्या हाताने उधळतं.

यावर तांबं. तांबं मिसळलं की निकेलच्या मोठ्या सलग पृष्ठभागाचे तुकडे पडतात. मिथेन करायला आणि साखळी मध्येच तोडायला निकेलचे बरेच शेजारी-शेजारी अणू लागतात, छाटणीला तितके लागत नाहीत. शिवाय तांब्यामुळे निकेलचं ऑक्साइड कमी तापमानाला सुटतं. निकेल २०, तांबं ५ टक्के : १० ग्रॅमसाठी निकेल नायट्रेट ९.९, कॉपर नायट्रेट १.९, अ‍ॅल्युमिना ७.५ ग्रॅम. दोन्ही एकत्र विरघळवल्यावर हिरव्या-निळ्याच्या मधला मोरपिशी रंग आला.

२४ एप्रिल

निकेल-तांबं, साफ उंडी तेल, तेच तापमान आणि दाब. मिथेन निम्म्याहून खाली. १७ कार्बनचं शिखर तसंच उंच, मध्ये तुटलेल्या आखूड साखळ्या कमी. ६० तास चाललं आणि मग मीच थांबवलं, तेल संपलं म्हणून. १८० ग्रॅम तेलातून १४३ ग्रॅम द्रव. दीड टक्का इथे-तिथे नळीत राहिला असेल.

घनता ०.७८. साधं डिझेल ०.८३ च्या आसपास, म्हणून एकटं वापरलं तर लिटरमागे उष्णता थोडी कमी पडेल. किलोमागे मात्र जास्त, मेगाजूलमध्ये ४४ च्या घरात. बायोडिझेलचं ३७-३८.

मामांचा भाऊ मिरकरवाड्याला बोटीवर असतो. दोन बाटल्या मागत होता, इंजिनात घालून बघू म्हणाला. नाही दिलं. गोठणबिंदू आणि वंगणाचा गुण तपासल्याशिवाय कोणाच्या इंजिनात घालायचं नाही, ते इंजिन त्याचं पोट आहे. साध्या डिझेलमध्ये १० टक्के मिसळून बाटली फ्रीजच्या दारात ठेवली आहे, रोज बघते. अजून स्वच्छ आहे.

१८ मे

सुट्टीत गुहागरला गेले. आत्याला आम्लांक काय ते सांगायला बसले आणि तिनेच मला शिकवलं.

"तू मला पोती भर म्हणालीस, मी भरली. वाळव म्हणाली असतीस तर वाळवली असती." तिच्या आजीच्या वेळी उंडीचं तेल दिव्याला असायचं, तेव्हा बिया मार्चपासून पडतील तशा रोज वेचत. लगेच फोडत, गर खळ्यात उन्हात घालत आणि रात्री आत घेत. पाऊस आलाच तर चुलीवरच्या माळ्यावर. ओल्या पोत्यात उंडी ठेवली की दिवा धुरकट होतो आणि वात लवकर कोळपते, एवढं तिला पक्कं माहीत होतं. ओलीत बुरशी वाढते, तिचे विकर तेलाचा रेणू तोडतात आणि मेदाम्ल सुटतं, हे मला माहीत होतं. आम्ही दोघी एकच गोष्ट सांगत होतो.

या वर्षीच्या बिया तिने मार्च-एप्रिलमध्येच फोडून वाळवल्या होत्या, मी फोनवर नुसतं "लवकर वाळव" म्हटलं होतं तेवढ्यावर. परातीत गर होता, एकसारखा तांबूस, बोटांनी दाबला तर तेल चमकायचं. वास कुबट नाही.

३० मे

नव्या गराचं तेल काढलं. आबांनी वास घेऊन मान हलवली, "हे बरं आहे." पीएच मीटरवर आम्लांक २४. गेल्या खेपेच्या निम्म्याहून कमी, आणि अजून एकही रसायन लागलेलं नाही. डिंक काढून, एकाच मिथेनॉलने धुऊन २ वर आलं, आणि १ किलोतून ७९० ग्रॅम राहिलं. ६२० चे ७९०. निकेलच्या टक्केवारीत कितीही खेळून हा फरक मला मिळाला नसता.

आत्याला फोन करून आकडे सांगितले. शेजारच्या दोन घरांत सांगून ठेवते म्हणाली, पण गर किलोमागे काय भाव देणार ते आधी ठरव. भाव ठरवायचा आहे. प्रकल्पाच्या खर्चपत्रकात वाळवणीच्या मजुरीला रकाना नव्हता, तो नवीन घातला आणि विभागप्रमुखांकडे पाठवला.

४ जून

मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्यावर ओढल्या आहेत. ढग आले आहेत, पाऊस कधीही. इन्व्हर्टर भट्टीला नाही पण पंपाला आणि नियंत्रकाला जोडला.

नव्या तेलावर निकेल-तांबं, उद्दिष्ट २०० तास. सकाळी ७ ला सुरू.

तास ६ : द्रव स्वच्छ, वरचा दाब स्थिर. ग्लायॉक्सिम, रंग नाही.
तास १२ : तसंच.
तास १८ : तसंच. रात्रपाळी मामांची.